बर्गामोटचे तेल : सुगंध विका, पण उन्हाची गोष्ट सांगून

अत्तराच्या धंद्यात पूर्वी गुलाब, मोगरा, केवडा, हिना, खस आणि ऊद एवढ्या नावांवर दुकान चालत असे. आता त्याच फळीवर लव्हेंडर, टी ट्री, लेमनग्रास, संत्रे यांच्या छोट्या तपकिरी बाटल्या उभ्या दिसतात आणि गिऱ्हाईक आत येताच 'अरोमाथेरपीचे तेल आहे का?' असे विचारते. मुंबईच्या महंमद अली रोडवर ही मागणी आहे, तशी ती जिल्ह्याच्या गावीही पोहोचली आहे. अत्तर, सुरमा, साबण, उदबत्ती यांचा व्यापार करणाऱ्या आमच्या वाचकांनी या नव्या मालाकडे अवश्य वळावे. परंतु या बाटल्यांत एक तेल असे आहे, की त्याचा वास लाखात एक आणि त्याची खोड मात्र फार थोड्या दुकानदारांना ठाऊक. सावलीत ते निरुपद्रवी असते. अंगावर लावून उन्हात गेले की त्वचा भाजते. त्याचे नाव बर्गामोट.

बर्गामोट हे लिंबूवर्गीय फळ आहे. आकार साधारण मोसंबीसारखा, रंग आधी हिरवा व पिकल्यावर पिवळा, रस आंबट-कडू. कडू नारिंग आणि लिंबू यांच्या संकरातून ते आले असे शास्त्रज्ञ मानतात. जगातील बहुतेक सर्व बर्गामोट एकाच पट्ट्यात पिकतो : इटलीच्या नकाशाचा जो बुटासारखा आकार आहे त्याच्या चवड्याशी, कलाब्रिया प्रांतात, रेज्जो शहराच्या आसपासच्या किनाऱ्यावर. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्येही थोडे पीक निघते. आपल्याकडे व्यापारी प्रमाणावर त्याच्या बागा नाहीत, त्यामुळे आपल्या बाजारात येणारा माल बाहेरचाच. नोव्हेंबर ते मार्च हा तेथील तोडणीचा हंगाम. हंगामाच्या सुरुवातीचे तेल हिरवेगार व तीव्र वासाचे, तर शेवटीशेवटीचे पिवळसर व थोडे मऊ वासाचे असते. रंग वेगळा म्हणून माल खोटा, असा समज नवखे खरेदीदार करून घेतात, तो बरोबर नाही.

या तेलाची किंमत समजण्यासाठी ते कसे निघते हे पाहिले पाहिजे. आपल्या कनौजच्या कारागिरांचे अत्तर देग आणि भपका यांतून, म्हणजे वाफेवर उतरते. बर्गामोटचे तसे नाही. संत्रे सोलताना डोळ्यांत उडणारी जी बारीक फवार असते तेच हे तेल. सालीच्या पेशींत ते भरलेले असते आणि साल दाबून, खरवडून काढावे लागते. पूर्वी कलाब्रियात माणसे हाताने साली स्पंजावर दाबून तेल टिपत. १८४४ मध्ये निकोला बारिल्ला नावाच्या कारागिराने त्यासाठी यंत्र बनविले आणि धंद्याचे रूप पालटले. शंभर किलो फळांतून जेमतेम अर्धा किलो तेल निघते. रेज्जो येथे या तेलांच्या अभ्यासासाठी १९१८ पासून एक प्रयोगशाळा आहे आणि २००१ पासून युरोपीय संघाने तेथील तेलाला नावाचे संरक्षण दिले आहे. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जातीचे हे संरक्षण.

एवढ्या लहान पट्ट्यातील माल जगभर का जातो? कारण कोलोन. जर्मनीतील कोलोन शहरात १७०९ मध्ये फरिना या इटालियन घराण्याची पेढी सुरू झाली. तिच्या प्रसिद्ध सुगंधी पाण्याचा प्राण बर्गामोटच होता. आजही असंख्य परफ्यूमचा पहिला दरवळ याच तेलाचा असतो. हॉटेलात किंवा आखातातून आलेल्या भेटीच्या डब्यात 'अर्ल ग्रे' चहा ज्यांनी प्याला आहे, त्यांनी बर्गामोट ओळखलाच आहे, फक्त नाव ठाऊक नसेल. 'बर्गामोट' नावाची पुदिन्याच्या कुळातील झाडेही आहेत. त्यांचा या फळाशी नावापुरताच संबंध. ऑर्डर देताना लेबलवर सिट्रस बर्गामिया हे शास्त्रीय नाव आहे ना, एवढे पाहावे.

तेलातील ऊन

आता खोडीकडे येऊ. दाबून काढलेल्या बर्गामोट तेलात वासाची द्रव्ये असतात : लिमोनिन, लिनॅलिल अॅसिटेट, लिनॅलूल. त्यांच्याबरोबर वास नसलेली काही जड द्रव्येही सालीतून येतात. त्यांना फ्युरोकुमारिन म्हणतात आणि त्यांतील मुख्य द्रव्याचे नावच बर्गाप्टेन. हे टक्क्याच्या एका छोट्या अंशाइतकेच असते. ते त्वचेत शिरते आणि स्वस्थ बसते. त्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले की ते जागे होते आणि पेशीच्या गाभ्यातील जनुकद्रव्याला चिकटते. पेशी मरतात, त्वचा लाल होते, आग होते, कधी पाण्याचे फोड येतात. गंमत अशी, की हे लगेच होत नाही. एक-दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी ते पुरते दिसते. त्यामुळे गिऱ्हाईक तेलावर संशय घेत नाही. जेवणात काही आले असेल, किडा चावला असेल, असे म्हणते. फोड बरे झाल्यावर तपकिरी डाग राहतो, तो काही आठवडे, कधी कित्येक महिने जात नाही.

ही बाब डॉक्टरांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९१६ मध्ये फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरांनी कोलोन लावून उन्हात गेलेल्यांच्या अंगावरील डागांची नोंद केली. १९२५ मध्ये रोझेन्थाल यांनी मानेवर ओघळलेल्या अशा डागाला गळ्यातील लोंबत्या पदकाचे फ्रेंच नाव दिले, आणि 'बर्लोक' हे नाव त्वचारोगाच्या पुस्तकांत आजही आहे. पुढे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने बर्गाप्टेन आणि अतिनील किरण यांच्या जोडीला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले. १९९५ मध्ये युरोपाने उन्हापासून बचावाच्या व त्वचा सावळी करण्याच्या प्रसाधनांत फ्युरोकुमारिनची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी खाली आणली.

आमच्या वाचकांना हे परके वाटायचे कारण नाही. बावची सर्वांना माहीत आहे. पांढऱ्या कोडावर वैद्य आणि हकीम बावचीचे बी देतात आणि लावून थोडा वेळ उन्हात बसायला सांगतात. ऊन जास्त झाले तर फोड येतात, म्हणूनच हा उपचार जाणकाराच्या नजरेखाली करायचा असतो. बावचीतील सोरालेन आणि बर्गामोटमधील बर्गाप्टेन ही सख्खी भावंडे आहेत. अंजिराच्या चिकातही हीच मंडळी. हकीम ज्या गुणाचा जाणून उपयोग करतो, तोच गुण अत्तरवाल्याच्या बाटलीत कोणालाही न सांगता बसलेला असतो, एवढाच फरक.

आणि आपल्या धंद्यात धोका अधिक का, तेही स्पष्ट सांगतो. कोलोनमध्ये बर्गामोट अल्कोहोल व पाण्यात मिसळून पुष्कळ पातळ केलेला असतो. आपल्या गिऱ्हाइकाला अल्कोहोल नको असते, म्हणून तो अत्तर मागतो, आणि अत्तर म्हणजे पातळ न केलेले तेल अशी समजूत. दुकानदार 'शंभर टक्के शुद्ध' म्हणून बर्गामोट रोल-ऑनमध्ये भरून देतो. मग ते मनगटावर, मानेवर, कानामागे लागते. काहीजण जुन्या सवयीने कापसाचा फाया कानाच्या पाळीत खोचतात. ईदच्या सकाळी असे अत्तर लावून माणूस ईदगाहच्या उघड्या मैदानात जातो, तिथून गळाभेटी घेत दुपारपर्यंत उन्हातच फिरतो. याहून चांगला भाजण्याचा बेत कोणी मुद्दाम आखला तरी जमणार नाही.

थेंबांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने यावर एक आकडा ठरवून दिला आहे. दाबून काढलेले साधे बर्गामोट तेल, त्वचेवर राहणाऱ्या व उन्हात उघड्या पडणाऱ्या वस्तूत, ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. आकडा लहान दिसतो, पण त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने वीस थेंब धरले, तर शंभर मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात आठ थेंब. तीस मिलिलिटरच्या मालिशच्या बाटलीत दोन थेंब. आणि दहा मिलिलिटरच्या रोल-ऑनमध्ये? एक थेंबही बसत नाही. म्हणजे निव्वळ बर्गामोटचा रोल-ऑन मर्यादेच्या अडीचशे पट झाला.

यापेक्षा अधिक लावायचेच असेल तर ती जागा किमान बारा तास उन्हापासून झाकलेली असावी, म्हणजे रात्री लावावे. ढगाळ हवा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. काचही पुरेशी नाही : हे किरण मोटारीच्या बाजूच्या किंवा घराच्या साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. काही औषधांनीही त्वचा उन्हाला हळवी होते, डॉक्सीसायक्लिन हे त्यांतील नेहमीचे उदाहरण. अशी औषधे चालू असणाऱ्यांनी हे तेल त्वचेला लावूच नये.

सर्वच लिंबूवर्गीय तेले सारखी नाहीत. दाबून काढलेल्या कागदी लिंबाची मर्यादा ०.७ टक्के, कडू नारिंगाची १.२५, मोठ्या पिवळ्या लिंबाची २ आणि ग्रेपफ्रूटची ४ टक्के आहे. गोड संत्रे, म्हणजे आपल्या मोसंबीची जात, आणि नागपुरी संत्रे ज्या मँडरीन कुळातले त्याचे तेल, यांना उन्हाची मर्यादा लावलेली नाही. वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलालाही नाही, कारण जड बर्गाप्टेन वाफेबरोबर वर येत नाही. मात्र दोन-तीन मर्यादावाली तेले एकत्र केली तर प्रत्येकाचा वाटा जोडावा लागतो. बर्गामोट अर्ध्या मर्यादेइतका घातला असेल, तर लिंबालाही अर्धीच जागा उरते.

व्यापाऱ्यासाठी यातून सरळ वाट आहे. बाजारात बर्गाप्टेन काढून टाकलेले बर्गामोट तेल मिळते. पुरवठादाराच्या कागदावर 'एफसीएफ', म्हणजे फ्युरोकुमारिनविरहित, असे लिहिलेले असते. वास किंचित उतरतो, जाणकार नाकाला ते कळते. पण अंगाला लावायच्या अत्तरासाठी, रोल-ऑनसाठी, मालिशच्या तेलासाठी आमच्या मते हाच माल घ्यावा आणि तोही पातळ करूनच द्यावा. साधे दाबलेले तेल खोलीत दरवळवण्यासाठी ठेवावे. धुऊन जाणाऱ्या वस्तूंना, म्हणजे साबण-शाम्पूला, उन्हाची ही मर्यादा लागत नाही. परंतु साबण करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की कॉस्टिकच्या क्षारात लिनॅलिल अॅसिटेट तुटते आणि वास लवकर विझतो. घरगुती साबणात हे महाग तेल ओतणे आम्हाला तरी परवडण्यासारखे वाटत नाही.

उपयोग किती खरे

अरोमाथेरपी हा शब्द फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांनी रूढ केला. त्यांचे त्या नावाचे पुस्तक १९३७ चे. बर्गामोटचा वास मन हलके करतो, काळजी उतरवतो, झोपेआधी बरा वाटतो, असे या पद्धतीचे म्हणणे आहे. माणसांवर काही छोटे प्रयोगही झाले आहेत आणि त्यांत हुंगल्यावर थोडे शांत वाटल्याचे आढळले. पण एवढ्या लहान प्रयोगांवर औषध म्हणून छाती ठोकता येत नाही. आम्ही असे म्हणू, की चांगला वास हा स्वतःच एक उपयोग आहे. दुकान बंद करून आलेल्या माणसाने पाण्याच्या दिव्यात किंवा विजेच्या डिफ्यूझरमध्ये तीन-चार थेंब टाकून अर्धा तास बसावे. खिडकी थोडी उघडी असावी. दमेकरी घरात असेल तर त्याला आधी विचारावे, कारण काहींना कोणताही तीव्र वास सोसत नाही.

आंघोळीच्या बादलीत थेंब टाकण्याची सूचना अनेक पुस्तिकांत असते. ती टबात बसणाऱ्या देशातून आली आहे आणि तिथेही ती अर्धवटच आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. तांब्याने अंगावर घेतले की तो निव्वळ थेंब नेमका खांद्यावर चिकटतो, आणि आंघोळ झाली की माणूस बाहेर पडतो. बादलीत टाकू नये.

पोटात तर कोणीही घेऊ नये. बर्गामोटमध्ये बर्गामोटिन नावाचे द्रव्य आहे, तेच ग्रेपफ्रूटमध्येही असते आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या काही औषधांचा शरीरातील हिशेब बिघडवते. चहातील अंश अगदी थोडा असतो, त्याची भीती नको. पण अतिरेक चहाचाही झालेला आहे : ऑस्ट्रियातील एक गृहस्थ दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पीत. त्यांच्या हातापायांत पेटके येऊ लागले आणि तो चहा सोडल्यावर गेले. ही हकीकत २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल वापरू नये.

लेबलवर 'नैराश्य बरे करते', 'एक्झिमा घालवते' असे छापण्याचा मोह होतो. तो टाळावा. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू प्रसाधन राहात नाही, कायद्याच्या नजरेत औषध होते. शिवाय १९५४ चा चमत्कारिक उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहेच. मोठ्या कॅनमधून बाटल्या भरून स्वतःच्या नावाचे लेबल लावणाऱ्यांनी, आपल्याला २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे परवाना लागतो का, हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

खोटा माल

महाग वस्तूत भेसळ ठरलेली. स्वस्त गोड संत्र्याच्या तेलात कारखान्यातले लिनॅलिल अॅसिटेट व लिनॅलूल घातले की बर्गामोटसारखा वास तयार होतो. काहीजण वास नसलेला डीईपी हा द्रव वाढीला घालतात. कागदावर थेंब टाकून डाग राहतो का पाहण्याची जुनी परीक्षा इथे फसवते. अस्सल दाबलेल्या तेलात जड द्रव्ये असल्यामुळे हलकासा डाग राहतोच, आणि त्यावरून खरा माल परत करणारा खरेदीदार नुकसानीत जातो. खात्री हवी तर प्रयोगशाळा. झाडाच्या लिनॅलूलचे रेणू जवळजवळ सगळे एकाच हाताचे असतात, कारखान्यातल्यात डावे-उजवे दोन्ही, आणि गॅस क्रोमॅटोग्राफीच्या खास चाचणीत चोरी उघडी पडते. १९९१ मध्ये सुरू झालेले कनौजचे सुगंध व सुरस विकास केंद्र तेलांची तपासणी करते. लहान व्यापाऱ्याने प्रत्येक कॅन तपासणे परवडणार नाही. पण बॅच क्रमांक, देश, काढण्याची रीत आणि बर्गाप्टेनचे प्रमाण लिहिलेला दाखला मागणे फुकट आहे. जो पुरवठादार तो देण्यास टाळाटाळ करतो त्याचा भाव कितीही कमी असो, माल उचलू नये.

साठवण हा आपल्या हवेत मोठा प्रश्न आहे. लिंबूवर्गीय तेले हवा लागली की जुनी होतात. लिमोनिन हवेतील प्राणवायू घेते आणि त्यातून जी द्रव्ये होतात ती त्वचेला खाज व चट्टे आणतात. हा त्रास उन्हाचा नव्हे, तो सावलीतही होतो, आणि एफसीएफ मालही त्यातून सुटत नाही. म्हणून गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, थंड जागा. मोठ्या कॅनमध्ये तळाशी उरलेले तेल तसेच न ठेवता लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवावे. वास टर्पेंटाइनकडे झुकला की ते अंगाला लावण्याच्या मालातून काढावे. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि रबरी ड्रॉपर यांना हे तेल खाते. थर्माकोलच्या तुकड्यावर थेंब टाकून पाहावा, डोळ्यांदेखत खड्डा पडतो.

ज्यांना इटलीचा माल झेपत नाही त्यांनी मोसंबीच्या व संत्र्याच्या तेलापासून सुरुवात करावी. उन्हाची भीती नाही, भाव बराच कमी, आणि नाव ओळखीचे. जालन्याची मोसंबी व नागपूरचे संत्रे एवढे पिकते, मग तेल इथेच का काढू नये, असे विचारले जाते. अडचण अशी, की ब्राझीलसारख्या देशात संत्री रसाच्या कारखान्यात जातात आणि तेल तिथे जोडउत्पन्न म्हणून निघते. आपले संत्रे घरोघरी सोलून खाल्ले जाते, साल उकिरड्यावर जाते. रसवंतीवाल्यांकडून ताजी साल गोळा करता येईल, पण फवारणीच्या औषधांचे अवशेष सालीत असतात आणि तेलात ते दाट होऊन उतरतात. बागायतदाराशी थेट बोलणी करून, फवारणीचा हिशेब घेऊन कोणी हे करणार असेल तर त्यात काम आहे.

बाटलीवर मराठी व उर्दूत दोन ओळी छापण्याचा खर्च काही पैशांचा आहे : 'पातळ केल्याशिवाय अंगाला लावू नये. लावल्यावर बारा तास ती जागा उन्हात उघडी ठेवू नये.' कपड्याला लावणाऱ्याला अस्तराच्या बाजूने लावायला सांगावे, पांढऱ्या कुडत्यावर हिरवट डाग पडतो. थंडीच्या दिवसांत खोबरेलात बनविलेले रोल-ऑन गोठून अडकते, त्या मालासाठी तीळ किंवा बदामाचे तेल बरे. आणि परगावी माल पाठविताना कुरिअरवाल्याला आत काय आहे ते सांगावे, कारण ही तेले पेट घेणारी आहेत आणि विमानाने जाणाऱ्या पार्सलात न सांगता घातल्यास माल अडकतो.